मीटरबोर्डावरचा अंधार

जुन्या गाडीच्या तक्रारींत एक तक्रार अशी आहे की, तिला वर्कशॉपमध्ये कोणी तक्रारच समजत नाही. ती म्हणजे, "मीटरबोर्डाचे लाइट लागत नाहीत." ब्रेक धरत नाही असे सांगितले की गाडी ताबडतोब पिटवर घेतात. स्टार्टर फिरत नाही असे सांगितले की मेकॅनिक येतो. परंतु मीटरबोर्ड अंधारात आहे असे सांगितले की उत्तर मिळते, "गाडी चालते ना? मग घेऊन जा." हे उत्तर टपाल खात्याच्या मेल मोटारीवरील ड्रायव्हरने ऐकले आहे, रेल्वेच्या ट्रकवर व जीपवर काम करणाऱ्याने ऐकले आहे, आणि ठेकेदाराच्या गाडीतून टपालाच्या थैल्या वाहणारा आपला कंत्राटी बांधव तर ते रोजच ऐकतो.

या अंकात आम्ही या लहानशा दिसणाऱ्या प्रश्नाबद्दल मुद्दाम लिहीत आहोत. त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, हा बिघाड क्रमाने शोधला तर बहुतेक वेळा थोड्या वेळात आणि थोड्या पैशांत सापडतो. तो क्रम आपल्या प्रत्येक ड्रायव्हरला माहीत असला पाहिजे. दुसरे असे की, बिघाड सापडो अगर न सापडो, तो कागदावर आला नाही तर उद्या काही बरेवाईट घडल्यास त्याचा सगळा बोजा ड्रायव्हरच्या नोकरीवर पडतो. भुसावळ, नागपूर, सोलापूर येथील बांधव असोत की इटारसी, हुबळी, सिकंदराबाद, बडोदे येथे बदलीवर गेलेले असोत, ही गोष्ट सर्वांना सारखीच लागू आहे.

गाड्या जुन्या कशा

केंद्र सरकारने १५ वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून बंद केली. त्यामुळे फार जुन्या सरकारी गाड्या भंगारात गेल्या, हे खरे. परंतु दहा-बारा वर्षे दोन-दोन पाळ्यांत धावलेली गाडी वरून रंगवलेली असली तरी आतून म्हातारीच असते. वायरवरचे कव्हर कडक होऊन चिरते, होल्डरच्या पत्र्यांवर गंज चढतो, काचेचे रबर सैल होऊन पावसाचे पाणी थेट मीटरबोर्डाच्या मागे उतरते, आणि शेडमध्ये उभ्या गाडीत उंदीर आपले काम करीत असतात. शिवाय सरकारी वाहनांचा हा नियम ठेकेदाराच्या खासगी गाडीला लागू नाही. तेव्हा जुन्या गाडीच्या वायरिंगशी आपला संबंध संपलेला नाही. तो आणखी बरीच वर्षे राहणार आहे.

हा लाइट कशासाठी आहे

काही अधिकारी म्हणतात, अनुभवी ड्रायव्हरला वेग अंदाजाने कळतो. आम्ही त्यांना नम्रपणे सांगू इच्छितो की, हा अंदाजच फसवा असतो. मोकळ्या हमरस्त्यावर तास-दोन तास वेगाने गाडी चालवून माणूस गावात शिरला की त्याला ६० चा वेग ४० सारखा भासू लागतो. हा कोणा एकाचा दोष नव्हे, मनुष्याच्या डोळ्यांची ती रीतच आहे. म्हणूनच मीटर बसवलेले असते. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. अंधारातला काटा शोधण्यासाठी ड्रायव्हरने दोन सेकंद मान खाली घातली, तर तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते आणि त्या ३३ मीटरमध्ये रस्त्यावर काय होते, हे त्याने पाहिलेले नसते.

यावर उपाय म्हणून मोबाइलचा लाइट मारण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. ती तर अधिक वाईट. अंधाराला पूर्णपणे सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात आणि प्रखर उजेडाचा एक झोत तो सराव क्षणात घालवतो. मीटरबोर्डाचा लाइट मंद असतो आणि त्याला कमीजास्त करण्याची कळ असते, त्याचे कारण हेच आहे.

आमच्या लोको पायलट बांधवांना हे वेगळे सांगायला नको. एअर ब्रेकच्या गाडीत ब्रेक पाइपचा दाब ५ किलो आणि फीड पाइपचा ६ किलो प्रति चौरस सेंटिमीटर आहे की नाही, हे गेजवरूनच कळते. गेजचा लाइट गेला की टॉर्च मारून काटा पाहावा लागतो, आणि त्याच वेळी नजर सिग्नलवरही ठेवावी लागते. इंजिनाच्या कॅबमधील वायरिंगला मात्र लोको पायलटने स्वतः हात लावू नये. त्याने लॉग बुकात लिहावे आणि कंट्रोलला कळवावे. पुढे आम्ही जी माहिती देत आहोत ती रस्त्यावरील मोटारगाड्यांपुरती आहे.

बिघाड शोधण्याचा क्रम

घाईत एकदम मीटर खोलायला बसणे, हीच सर्वसाधारण चूक. ज्याला काही खर्च नाही आणि काही उघडावे लागत नाही, ते आधी तपासावे.

पहिले काम पाहण्याचे. दिवसाउजेडी हा बिघाड दिसत नाही. त्यामुळे दिवसपाळीचा ड्रायव्हर गाडी ठीक म्हणून देतो आणि वर्कशॉप बंद झाल्यावर रात्रपाळीच्या माथी ती येते. म्हणून गाडी ताब्यात घेताना, सूर्य डोक्यावर असला तरी, ती शेडमध्ये उभी करून किंवा मीटरवर हाताचा आडोसा धरून लाइट पाहावा. पार्किंग लाइट लावा आणि खाली उतरून गाडीभोवती एक फेरी मारा. पुष्कळ जुन्या गाड्यांत मीटरबोर्डाचे लाइट हे पार्किंग लाइट आणि टेल लॅम्प यांच्याच लाइनवर असतात. काही गाड्यांत डाव्या व उजव्या बाजूला निरनिराळे फ्यूज असतात, म्हणून चारही कोपरे पाहावेत. टेल लॅम्पही बंद असतील तर बिघाड फ्यूज, स्वीच किंवा मुख्य वायरमध्ये आहे. अशी गाडी मागून येणाऱ्याला दिसणारच नाही. ती दुरुस्तीशिवाय रात्री बाहेर काढू नये. टेल लॅम्प व्यवस्थित लागत असतील आणि फक्त मीटरबोर्ड अंधारात असेल, तर बिघाड पुढच्या भागात आहे, म्हणजे कमीजास्तीची कळ, बल्ब, अर्थ किंवा होल्डर यांपैकी कशात तरी.

याच वेळी इंजिन चालू न करता किल्ली फिरवून पाहावी. ऑइलचा लाल दिवा आणि चार्जिंगचा दिवा लागला पाहिजे. तो लागत नसेल तर त्याचा बल्ब गेलेला असू शकतो, आणि मग वाटेत ऑइलचा दाब गेला तरी इशारा मिळणार नाही. चार्जिंगच्या दिव्याचे तर आणखी एक काम असते. अनेक जुन्या गाड्यांत याच बल्बातून जाणाऱ्या थोड्या करंटवर आल्टरनेटर जागा होतो. बल्ब गेला की आल्टरनेटर चार्जिंग सुरू करीत नाही, आणि आपण उगीच बॅटरीला दोष देत बसतो.

दुसरे काम कमीजास्तीच्या कळीचे. ही कळ बऱ्याचदा कोणीतरी गाडी पुसताना पूर्ण खाली फिरवलेली असते आणि "लाइट गेले" म्हणून बोभाटा होतो. कळ या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा-पंधरा वेळा फिरवा. फिरवताना लाइट लुकलुकले तर तिच्या आतील तारेवर गंज चढला आहे असे समजावे. ती साफ केली किंवा बदलली की काम झाले. कळीपर्यंत करंट येतो आणि पुढे जात नाही असे टेस्ट लॅम्पवर दिसले, तर दोष कळीचाच.

तिसरे काम फ्यूजचे. येथे थोडा हिशेब करू. १२ व्होल्टच्या गाडीत मीटरबोर्डाचे चार बल्ब प्रत्येकी ३ वॅटचे धरले तर १२ वॅट होतात. पुढचे-मागचे चार पार्किंग लाइट प्रत्येकी ५ वॅटचे, म्हणजे २० वॅट. नंबर प्लेटचा एक ५ वॅटचा. एकूण ३७ वॅट. त्याला १२ ने भागले की सुमारे ३ अँपिअर येतात. म्हणजे या लाइनवरचा १० अँपिअरचा फ्यूज उडाला तर तो बल्बांच्या भाराने उडालेला नाही. कुठेतरी वायर पत्र्याला लागून शॉर्ट झाली आहे. टेल लॅम्पचा होल्डर, चासीच्या भोकातून जाणारी आणि रबर निघून गेलेली वायर, बॉडीच्या दाराजवळ घासणारी वायर, या जागा आधी पाहाव्यात. फ्यूज उडालेला नसला तरी काढून पाहावा. जुन्या पद्धतीच्या फ्यूजच्या टोकांवर आणि क्लिपवर गंज चढून करंट अडतो. बारीक पॉलिश पेपरने टोके साफ करून परत बसवला की पुष्कळदा लाइट लागतात.

चौथे काम बल्बाचे. सगळेच बल्ब एकदम जात नाहीत. म्हणून अर्धा बोर्ड उजळ आणि अर्धा अंधारात असेल तर बल्ब किंवा त्याचा होल्डर, असे समजावे. नवा बल्ब घेताना व्होल्ट पाहावेत. जीप, व्हॅन, लहान ट्रक हे साधारणपणे १२ व्होल्टचे, मोठे ट्रक २४ व्होल्टचे. २४ व्होल्टचा बल्ब १२ व्होल्टच्या गाडीत घातला तर मिणमिणता लागतो. १२ व्होल्टचा बल्ब २४ व्होल्टच्या गाडीत लगेच जळतो. अधिक उजेडासाठी मोठ्या वॅटचा बल्ब घालू नये. त्याच्या उष्णतेने मीटरचे प्लास्टिक आणि मागची पट्टी वितळते. आता एलईडी बल्ब बाजारात सगळीकडे मिळतात. तो उलटा बसला तर लागत नाही, फिरवून बसवावा. जुन्या कळीवर तो नीट मंद होत नाही, आणि चार्जिंगच्या दिव्याच्या जागी तो घालू नये, कारण आल्टरनेटरला लागणारा करंट त्यातून पुरेसा जात नाही.

पाचवे काम अर्थचे, आणि जुन्या गाडीत निम्मी डोकेदुखी येथेच असते. ओळखण्याची खूण सोपी आहे. लाइट लावले की डिझेलचा किंवा टेंपरेचरचा काटा जागचा हलतो, सगळे बल्ब सारखेच मंद लागतात, डिपर दिला की मीटरचे लाइट बदलतात, असे काही दिसले तर मीटरबोर्डाची अर्थ खराब आहे. परत जायला वाट नसल्यामुळे करंट भलत्या वाटेने जातो. खात्री करण्यासाठी एक लांब वायर घेऊन तिचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे मीटरच्या अर्थला लावावे. लाइट स्वच्छ लागले तर दोष सापडला. मीटर हाताशी असल्यास लाइट चालू ठेवून मीटरबोर्डाची अर्थ आणि बॅटरीचे निगेटिव्ह यांमधील व्होल्ट मोजावेत. ते शून्याच्या जवळ हवेत. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाखवत असेल तर अर्थचा बोल्ट सोडून, त्याखालचा रंग व गंज खरवडून, परत घट्ट बसवावा.

सहावे काम मीटरच्या मागच्या भागाचे. बोर्डावर हलकी टिचकी मारली की लाइट लागत असतील आणि खड्ड्यात गेले की विझत असतील, तर कनेक्टर सैल आहे, होल्डरची पकड गेली आहे, किंवा मागच्या तांब्याच्या पट्टीला तडा आहे. येथे मात्र मीटर बाहेर काढावे लागते. आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडावी. हातातील घड्याळ, अंगठी काढून ठेवावी. जुन्या गाडीत स्पीडोमीटरची केबल आधी सोडावी, मीटर ओढू नये. पुन्हा करंट देऊन तपासायचे असेल तर कोणतेही उघडे टोक पत्र्याला टेकत नाही, हे पाहूनच केबल जोडावी.

सातवे आणि शेवटचे काम चार्जिंगचे. इंजिनच्या वेगाबरोबर लाइट वरखाली होत असतील किंवा बल्ब वरचेवर जळत असतील, तर बॅटरीवरचे व्होल्ट मोजावेत. १२ व्होल्टच्या गाडीत इंजिन चालू असताना ते साधारण १४ च्या आसपास हवेत. १५ च्या वर जात असतील तर रेग्युलेटर बिघडला आहे. मग बल्ब कितीही बदलले तरी टिकणार नाहीत, आणि बॅटरीही उकळून जाईल.

अलीकडच्या ज्या गाड्यांचे संपूर्ण मीटर इलेक्ट्रॉनिक आहे, त्यांत फ्यूज, अर्थ आणि कनेक्टर येथपर्यंतच आपण तपासावे. त्या गाड्यांच्या वायरींत टेस्ट लॅम्पची सुई खुपसू नये. पुढचे काम माहीतगार इलेक्ट्रिशियनचे.

काय करू नये

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो म्हणून सिगारेटच्या पाकिटातील चांदीचा कागद गुंडाळणे किंवा तारेचा तुकडा लावणे हा प्रकार आजही पाहायला मिळतो. अशा जुगाडाने गाडी डेपोपर्यंत येते, म्हणून त्याला हुशारी समजतात. पण तो फ्यूज उडतो तो वायर जळू नये म्हणूनच. त्याला मुका केला की करंट वायरला तापवतो आणि ती वायर मीटरबोर्डाच्या मागे इतर वायरींच्या जुडग्यात असते. मागे बॉडीत टपालाच्या थैल्या असतात. त्यांत कोणाची औषधे असतात, कोणाचे नेमणुकीचे पत्र असते, कोणाची कागदपत्रे असतात. थैल्या जळाल्या तर चौकशी कोणाची होईल, हे आम्ही सांगायला नको. जितक्या अँपिअरचा फ्यूज तितक्याचाच घालावा. तो पुन्हा उडाला तर गाडी थांबवावी.

दुसरे, चालत्या गाडीत एका हाताने मीटरमागे वायर चाचपू नये. तिसरे, वाटेतल्या कोणाकडून थेट बॅटरीपासून लाइटला वायर ओढून घेऊ नये. अशी फ्यूज नसलेली वायर पुढच्या ड्रायव्हरसाठी सापळा ठरते.

लिहून ठेवण्याचे महत्त्व

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. एका डेपोतील तक्रारवही आम्ही पाहिली. एकाच गाडीपुढे "मीटर लाइट नाही" ही नोंद वेगवेगळ्या हातांच्या अक्षरांत अनेक वेळा होती आणि पुढच्या रकान्यात कधी "पाहिले", कधी "पार्ट नाही", कधी नुसतीच सही. काय पाहिले, कोणता पार्ट नाही, गाडी कोणाच्या हुकमाने बाहेर गेली, याचा पत्ता नाही. अशा नोंदीने कोणाचेच रक्षण होत नाही.

कायदा या बाबतीत काय म्हणतो, ते आपण नीट समजून घेतले पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ११७ व्या नियमाप्रमाणे गाडीला ड्रायव्हरला वेग दाखवील अशा जागी बसवलेले स्पीडोमीटर हवे. रात्री जे मीटर दिसतच नाही, ते वेग दाखवते असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? मोटार वाहन कायदा, १९८८ चे १९० वे कलम याहून महत्त्वाचे आहे. गाडी चालवणे धोक्याचे होईल असा दोष असताना, आणि तो दोष माहीत असताना किंवा साध्या काळजीने कळण्याजोगा असताना जो गाडी चालवतो, तो त्या कलमाखाली जबाबदार आहे. पण तेथे कलम थांबत नाही. जो अशी गाडी चालवायला लावतो किंवा चालवू देतो, तोही जबाबदार आहे. वेगमर्यादेच्या १८३ व्या कलमातही वेग मोडणाऱ्याबरोबर आपल्या हाताखालच्या माणसाला तसे करायला लावणाऱ्याचा उल्लेख आहे.

मीटरचा बंद लाइट हा १९० व्या कलमातील दोष ठरेल की नाही, हे त्या त्या प्रसंगावर अवलंबून राहील. परंतु एक गोष्ट स्पष्ट आहे. नुसते "मला माहीत होते" एवढे वहीत लिहून गाडी घेऊन जाणे ड्रायव्हरला पुरेसे नाही. उलट ते त्याच्याच अंगावर येऊ शकते. त्याने दोष लिहावा, तो सुपरवायझरच्या हाती द्यावा, त्याची सही व वेळ घ्यावी, दुसरी गाडी किंवा दुरुस्ती मागावी. तरीही "घेऊन जा" असा हुकूम झाला तर तो लेखी मागावा. "लेखी द्या" हे दोन शब्द नम्रपणे उच्चारले की, न मिळणारा बल्ब स्टोअरमधून कसा निघतो, याचा अनुभव आमच्या अनेक कार्यकर्त्यांना आहे.

नोंद कशी असावी, तेही सांगतो. तारीख, वेळ, गाडीचा नंबर, किलोमीटर. मग: "मीटरबोर्डाचे सर्व लाइट बंद. स्पीडोमीटर व ऑइल गेज रात्री दिसत नाही. टेल लॅम्प चारही बाजूंनी तपासले, चालू आहेत. फ्यूज काढून पाहिला, ठीक आहे. दुरुस्ती किंवा दुसरी गाडी मिळावी." खाली सही. अशी नोंद वाचून इलेक्ट्रिशियनचेही निम्मे काम वाचते आणि चौकशी अधिकाऱ्यालाही कळते की, लिहिणारा माणूस आपले काम जाणतो. नोंदीची एक नक्कल किंवा मोबाइलवर फोटो स्वतःजवळ ठेवावा. वह्या हरवतात, हा आपला नेहमीचा अनुभव आहे.

प्रशासन असे म्हणेल की, एका बल्बासाठी युनियन टपाल अडवते. आम्ही स्पष्ट करतो की, टपाल अडवण्याची कोणाचीही इच्छा नाही. रात्रीच्या मेलला थैल्या लागल्या पाहिजेत, स्टेशनवर आर.एम.एस. चे बांधव वाट पाहत उभे असतात आणि एक गाडी चुकली की दूरच्या खेड्यातील माणसाचे पत्र एक दिवस मागे पडते, हे आम्ही जाणतो. म्हणूनच गाडी सुटण्याच्या वेळेपूर्वी दोष निघावा, असे आमचे म्हणणे आहे. मेल चुकली तर तिचे कारण बल्ब मागणारा ड्रायव्हर नाही. महिनाभर वहीतली नोंद वाचूनही बल्ब न मागवणारी व्यवस्था ते कारण आहे.

आमच्या मागण्या

या विषयावर शाखांनी पुढील मागण्या लावून धराव्यात. रेल्वेत त्या पी.एन.एम. मध्ये आणि टपालात मासिक बैठकीत व जे.सी.एम. मध्ये मांडता येतील.

एक, प्रत्येक डेपोत दोष नोंदवण्याची दुहेरी कागदाची वही असावी. एक प्रत ड्रायव्हरकडे राहावी आणि दुरुस्तीच्या रकान्यात नुसत्या सहीऐवजी काय केले ते लिहिले जावे.

दोन, रात्री जेथून गाड्या सुटतात तेथे रात्रपाळीला ऑटो इलेक्ट्रिशियन असावा. ही जागा रिकामी ठेवून काम बाहेरच्या गॅरेजला देण्याचे धोरण खर्चिक आहे, कारण रात्री अकरा वाजता ते गॅरेज बंद असते.

तीन, प्रत्येक डेपोत एक पेटी असावी. तिच्यात योग्य अँपिअरचे फ्यूज, योग्य व्होल्टचे बल्ब, टेस्ट लॅम्प, पॉलिश पेपर, इन्सुलेशन टेप आणि एक साधा मल्टिमीटर असावा. गाडीच्या एका दिवसाच्या डिझेलपुढे या पेटीचा खर्च काहीच नाही.

चार, पाळी बदलताना दहा मिनिटे तपासणीसाठी धरली जावीत आणि ती ड्युटीत मोजली जावीत. तपासणीची जबाबदारी द्यायची आणि तिचा वेळ द्यायचा नाही, हे चालणार नाही.

पाच, ठेकेदाराच्या गाडीला आणि तिच्या ड्रायव्हरला हेच नियम लागू करावेत. रस्त्यावरच्या अंधाराला खाते आणि ठेकेदार यांतला फरक कळत नाही. तो बांधव आज आपल्या युनियनचा सभासद नसला तरी त्याची तक्रार आपल्या कार्यकर्त्याने लिहून घ्यावी.

शाखांना आमची आणखी एक सूचना आहे. प्रत्येक डेपोत असा एखादा जुना मेकॅनिक किंवा निवृत्त ड्रायव्हर असतो की, ज्याला टिचकी मारल्याबरोबर बिघाड कळतो. त्याला एखाद्या रविवारी बोलवा, एक गाडी मध्ये उभी करा आणि नव्या मुलांना वर सांगितलेला क्रम हाताने करून दाखवायला सांगा. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकापेक्षा लवकर पसरते, आणि ते निवृत्तीबरोबर घरी गेले तर परत येत नाही.

येत्या महिन्यात प्रत्येक शाखा सचिवाने आपल्या डेपोतील गाड्यांची रात्री एकदा पाहणी करावी. किती गाड्यांचे मीटरबोर्ड अंधारात आहेत, किती दिवसांपासून आहेत आणि वहीत काय शेरा आहे, एवढ्या तीन रकान्यांची यादी करून कार्यालयाकडे पाठवावी. त्या याद्या हाती घेऊन आम्ही बैठकीला बसू. तोपर्यंत, बंधूंनो आणि भगिनींनो, गाडी ताब्यात घेण्यापूर्वी पार्किंग लाइट लावा, एक फेरी मारा, आणि जे दिसले ते लिहून सही घ्या.